भोंगवलीचं तिसरं मत

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. इतक्या जणांनी सांगितल्यामुळे त्या वाक्याला आता फारशी किंमत उरलेली नाही. तरी मलाही तेच सांगावं लागतंय... माझा नव्हता. मी कॉम्प्युटरवाला माणूस. मशीन बिघडलं की त्याचा लॉग, म्हणजे त्याने क्षणाक्षणाला लिहून ठेवलेली डायरी, वाचायचा आणि कारण सापडेपर्यंत उठायचं नाही, एवढंच मला येतं.

भोरहून उत्रोलीकडे जाताना रस्त्यालगत एका संस्थेची दुमजली इमारत आहे. नाव सांगत नाही. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या नोंदी तिथे ठेवतात – फोटो, लसी, आजार. त्यासाठी तळमजल्यावर एक बंद खोली आणि तिच्यात पाच मशीन. प्रत्येक नोंद तीन मशीनवर असते, म्हणजे एखादं मेलं तरी काही हरवत नाही. आणि कुठलाही निर्णय घ्यायचा तर पाचांतल्या तिघांचं मत लागतं. हे समजावलं तेव्हा चेअरमनसाहेब गहिवरले. "म्हणजे ही लोकशाहीच की," म्हणाले. त्यांच्या संस्थेत त्यांच्याखेरीज कुणी मत दिल्याचं मला तरी आठवत नाही, त्यामुळे नवलाई मी समजू शकतो. मशीनना इथल्याच गावांची नावंही त्यांनीच दिली : भोर, वेल्हे, उत्रोली, आंबवडे, भोंगवली. प्रत्येकावर पितळी पाटी.

ही पाच मशीन सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनवर न्यायची होती. पद्धत सोपी आहे. एक मशीन बाजूला काढायचं, नवं व्हर्जन बसवायचं, ते परत इतरांत सामील झालं की मगच पुढच्याला हात लावायचा. दिवसभराचं कंटाळवाणं काम. चेअरमनसाहेबांनी त्याचा लोकार्पण सोहळा केला. भोरमधलं मंगल कार्यालय, पुण्याहून पाहुणे, आणि अकरा चाळीसचा मुहूर्त.

अडचण अशी की, भोंगवली महिन्यापूर्वीच जळालं होतं. खोलीबाहेर, पॅसेजमधल्या टेबलावर ते उघडून ठेवलं होतं. ना वायर, ना डिस्क. मेलेलं मशीन आधी यादीतून कमी करायचं, हा नियम. मुहूर्ताच्या गडबडीत ते माझ्याकडून राहिलं. शिवाय उरलेल्या चारांतलं एक कामाला काढलं की बरोब्बर तीन उरणार होती. हे मी संस्थेच्या सेक्रेटरींना सांगितलं.

"तीनच लागतात ना?" ते म्हणाले. "तीन आहेत. मग?"

"एखादं पडलं तर सगळं ठप्प होईल."

"शुभ बोला हो, साहेब."

मग खोलीत पूजा झाली. गुरुजींनी चामड्याचं सगळं बाहेर ठेवायला लावलं. माझी बॅग चामड्याची, मोबाईल तिच्यात. निरांजन फडफडतंय म्हणून एसी बंद केला आणि रिमोट सेक्रेटरींच्या खिशात गेला. मला दमा आहे, धूर सोसत नाही, असं मी सांगितलं. गुरुजींनी धुपाटणं वीतभर लांब सरकवलं. अकरा चाळीसला मी उत्रोलीचं काम सुरू केलं, टाळ्या झाल्या आणि सगळी मंडळी गाड्यांत बसून भोरला गेली. दार आपोआप बंद झालं.

ते दार एरवी कार्डाने उघडतं, अडीनडीची लोखंडी चावी एकच. ती फीत बांधून, चांदीच्या ताटातून, आधीच भोरला गेली होती. पाहुण्यांच्या हस्ते चेअरमनसाहेबांना द्यायला.

एसी नाही, त्यात मशीन तापतात. वीस मिनिटांत आंबवडे गरम होऊन बंद पडलं. उरली दोन, भोर आणि वेल्हे. उत्रोलीचं काम आटोपत आलं होतं, पण त्याला परत सामील करून घ्यायलाही तीन मतं हवीत. स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली : दोन हजर, तीन हवेत. मी धुपाटणं झाकलं, पण धूर कुठे जाणार? दाराला कार्ड लावलं. दार उघडेना.

कुणाच्या कार्डाला दार उघडायचं, ती यादी याच मशीनवर ठेवलेली होती. आतलं बटणही त्याच यादीला विचारायचं, आणि तीन मतं होईपर्यंत उत्तराची वाट बघत राहायचं. आराखड्यावर सही माझी.

बाहेर फक्त शेवंताबाई होत्या, झाडलोट करणाऱ्या. बाकी स्टाफ टाळ्या वाजवायला नेलेला. दाराला वीतभर काच आहे, आतून जाळी घातलेली. ती मी ठोकली.

"काय झालं वो सायेब?"

"दार अडकलंय. माझा दम्याचा पंप बॅगेत आहे. पुढच्या कप्प्यात."

त्यांनी पंप काढून काचेला लावला. "ह्यो का?"

तोच. चार बोटांवर. दाराच्या कडेला धूळ येऊ नये म्हणून रबर ठोकलेलं, फटीतून कागदही जाणार नाही. त्यांनी दगड आणून काच ठोकली. तडे गेले, जाळी हलली नाही. मग त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला आणि स्पीकर काचेजवळ धरला.

"चावी द्या धाडून. सायेब आत कोंडल्यात, श्वास घेता यीना."

"पाहुणे कापूरहोळपर्यंत आलेत. आता ताट रिकामं कसं ठेवू? अर्ध्या तासात पाठवतो. त्यांना शांत बसायला सांगा."

"अर्ध्या तासानं चावी न्हाई लागायची, खांदेकरी लागत्याल." त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "बसा म्हनत्यात. शांत."

मी बसलोच होतो. उभं राहवत नव्हतं. छातीत शिट्टी वाजत होती, आत घेतलेला श्वास बाहेर पडत नव्हता. काचेतून शेवंताबाईंचा चेहरा आणि हातातला निळा पंप दिसत होता. त्यांच्या खांद्यामागे टेबलावर उघडं पडलेलं भोंगवली. एवढं सगळं मला नीट आठवतं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

मग स्क्रीनवरची ओळ बदलली. तीन हजर.

खाली नावं होती : भोर, वेल्हे, भोंगवली.

कुलूप खटकन सुटलं. शेवंताबाईंनी दार ओढलं आणि पंप माझ्या तोंडात उलटा कोंबला. दुसऱ्यांदा सुलटा.

लॉग मी आठवडाभर वाचला. बारा सतराला मत आलं ते भोंगवलीच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून. तो कारखान्यातच कोरलेला असतो. खोटा करता येतो, मान्य, पण करणार कोण? आत मी, बाहेर शेवंताबाई. मत देताना मशीनला आपलं व्हर्जनही सांगावं लागतं. भोंगवलीने नवं सांगितलं. कपाटातून त्याच्या डिस्क काढून तपासल्या, त्यांवर जुनंच होतं. आणि एक... नियमाप्रमाणे मी त्याचं नाव आधीच खोडलं असतं, तर ते मत मोजलंच गेलं नसतं.

शेवंताबाईंना विचारलं, तुम्ही त्या टेबलाला हात लावला होता का?

"कुंकू लावलं. गुरुजीनं चौघांस्नी लावलं, त्याला कोन न्हाई लावलं. भोंगवली माजं म्हायेर हाय. तेवढं बी करू नगं?"

हे लॉगमध्ये लिहिता येत नाही.

सोहळा छान झाला म्हणतात. चावी आता दाराबाहेर खिळ्याला असते. नवं मशीन येऊन पडलंय आणि जुनं नाव खोडा म्हणून दोनदा पत्र आलंय. मी आज्ञा टाईप करतो. 'भोंगवली कायमचं काढायचं?' असं स्क्रीन विचारतो. मी 'नाही' दाबतो. कारण विचारलं तर माझ्याकडे कारण नाही, त्या तिसऱ्या मताचंही सापडलेलं नाही.

दर सोमवारी त्या खोलीत जावं लागतं. दार मागे बंद झालं की आधी यादी उघडतो. चार हजर, एक गैरहजर. मग कामाला लागतो. पाच हजर दिसले तर काय करायचं, ते अजून ठरवता आलेलं नाही.