लाल डोळ्यांचं सुतक

पांढुर्ण्याहून सासरी निघताना मी रडले नाही, ही बातमी सौंसरला माझ्याआधी पोचली. आई माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती, मावश्या पदराने नाकं पुसत होत्या आणि मी कोरड्या डोळ्यांनी उभी होते. वऱ्हाडातल्या बायकांनी ते नीट पाहून ठेवलं. घरात पाऊल टाकलं तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, माझी हनुवटी वर करून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "कोरडी दिसते व पोरगी."

कारण सांगायला मला तेव्हा लाज वाटली. कॉलेजात असताना तापावर मी सल्फाच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या अंगावर उलटल्या. सगळीकडे फोड आले, तोंडाची आतली कातडी सोलून निघाली. जीव वाचला, पण डोळ्यांतलं पाणी आटलं. रडण्याचंच नाही, साधा ओलावाही गेला. पापणी मिटली की आत रेती घासल्यासारखं व्हायचं. थेंब घाला, मलम लावा, हे दिवसभर चालायचं, आणि मलम लावलं की समोरचं सगळं धुरकट. लग्न ठरवताना बाबांनी एवढंच सांगितलं होतं, की मुलीचे डोळे जरा नाजूक आहेत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हसून म्हणाले होते, "आमच्या घरी कुठं मोती ओवायचे हायेत?"

मामाजींची बोरगावच्या वाटेवर संत्र्याची बाग होती आणि राहतं घर सौंसरात. माझे यजमान बागेत असायचे, माल घेऊन नागपूरला जाणं मामाजींकडे. माझ्या डोळ्यांचं खरं दुखणं घरात पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. चुलीपुढे बसले की मी डोळे मिटून भाकरी थापायचे, ते त्यांनी दारातून पाहिलं असावं. कुणाला काही न बोलता त्यांनी नागपूरच्या बाजारात चौकशी केली. ओळखीच्या एका अडत्याच्या पुतणीला असलाच त्रास होता आणि तिच्यासाठी डोळ्याच्या मापाची मोठी लेन्स करून घेतली होती, असं कळलं. हिवाळ्यात आंबिया बहाराची तोड, म्हणजे संत्र्यांची पहिली काढणी, आटोपली तशी ते मला म्हणाले, "चाल, तयारी कर. नागपूरले जाऊन येऊ."

लेन्स बसवणारे डॉक्टर एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर बसायचे. त्यांनी डोळ्यात सुन्न करणारे थेंब टाकले आणि दातांचं माप घेतात तसा लगदा एका छोट्या वाटीत भरून ती सरळ डोळ्यावर बसवली. लगदा घट्ट होईपर्यंत मला छताकडे बघत पडून राहायचं होतं. मामाजी कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्याकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

पुढच्या खेपेला दोन्ही डोळ्यांच्या लेन्स तयार होत्या. प्रत्येक म्हणजे बुबुळापेक्षा कितीतरी मोठी, जाड, पारदर्शक वाटी. ती बुबुळाला न शिवता पांढऱ्या भागावर टेकायची आणि मधल्या जागेत पाणी राहायचं. मेडिकलमधून आणलेलं सलाईन तिच्यात काठोकाठ भरायचं, मान खाली घालून ती डोळ्यात बसवायची, आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरायची. काढायला एक लहानशी रबरी नळी होती, तिचं तोंड लेन्सला चिकटायचं. डॉक्टरांनी बजावलं, "सुरुवातीला थोडाच वेळ घाला. डोळा लाल झाला तर काढून ठेवा आणि मला दाखवा. माप एकदम बरोबर येत नाही, घासून बसवावं लागतं."

दुकानातून खाली रस्त्यावर आलो. ऊन होतं, वारा होता, आणि मी डोळे उघडे ठेवून चालत होते.

"कसं वाटून राहिलं?" मामाजींनी विचारलं.

"थंड वाटते, मामाजी."

ते इतके खूश झाले की बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी सगळी हकीकत सांगितली. घरी आल्यावर तर जो भेटेल त्याला, "आमच्या सुनेच्या डोयात आता तळं बांधलं."

त्या तळ्यामुळेच मला पुढे तोंड उघडता आलं नाही. थोड्याच आठवड्यांत डोळे लाल व्हायला लागले, उजवा जास्त. सकाळी लेन्स घातली की आराम वाटायचा, दुपारी ती आवळायला लागायची, आणि संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. काढली की पांढऱ्या भागावर गोल वळ उठलेला असायचा, बांगडी रुतल्यासारखा, आणि त्याच्या कडेने रक्त उतरल्यासारखी लाली. डॉक्टरांकडे जायला हवं हे मला कळत होतं. पण संध्याकाळी घरी आले की मामाजी हमखास विचारायचे, "पोरी, डोये ठीक हायेत ना?" आणि मी म्हणायचे, "हो." त्यांनी एवढ्या हौसेने केलेली वस्तू बोचते, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

बाहेर मात्र लाली लपत नव्हती. नळावर गेले की बाया आपली पोरं मागे ओढायच्या. डोळे आलेत हिचे, जवळ जाऊ नका. एका शेजारणीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "रात्री भांडण होते का व? हात उचलते का तो?" मी नाही नाही म्हणत राहिले, आणि माझं नाही म्हणणं तिला खरं वाटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. त्या दिवशी यजमानांना जेवायला वाढताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्या बिचाऱ्यांना काही ठाऊकच नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची तोड चालू असताना मामाजी बागेतच वारले. छातीत कळ आली, झाडाखाली बसले ते उठले नाहीत. बैलगाडीतून त्यांना घरी आणलं.

मी सकाळपासून लेन्स घातलेली होती आणि दुपार टळून गेली होती. उजवा डोळा ठणकत होता. अंगणात बायांचा आक्रोश चालला होता. माझ्या आत काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांना मात्र ते कळत नव्हतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वाकताना हाताचा मनगटाकडचा भाग डोळ्यावर दाबला गेला, लेन्सची कड उचलली गेली आणि आतलं सलाईन गालावरून ओघळलं.

मी मान वर केली तशी आत्याबाईंनी मला पाहिलं. लालभडक डोळे आणि ओला गाल.

"अव माय, पोरीनं डोये फोडून घेतले व रडून रडून!" असं म्हणून त्यांनी मला छातीशी धरलं. "मी तुले कोरडी म्हणली व! माही जीभ जळो."

सख्खा भाऊ गेलेली बाई मला मिठी मारून रडत होती. तिला मी काय सांगणार होते, की हे दुकानातल्या बाटलीतलं पाणी आहे?

मग सुतकाच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्याबाई माझे डोळे दाखवायच्या. "सून असावी तर अशी. सख्ख्या लेकी एवढ्या रडल्या नाही." नणंदा समोर बसलेल्या असायच्या. खऱ्या आसवांनी त्यांची तोंडं सुजली होती आणि कौतुक माझं होत होतं. मी मान खाली घालायचे, तर बाया म्हणायच्या, पहा, अजून सावरली नाही. लेन्स काढून ठेवावी तर उजेडात डोळा उघडत नव्हता, आणि घरभर पाहुणे, काम सोडून अंधारात पडून राहणार कशी? घातली की लाली वाढायची. जेवढी लाली, तेवढं कौतुक. मला माझ्याच तोंडाची किळस यायला लागली.

एका सकाळी उजव्या डोळ्याने नीट दिसेना. मी न्हाणीत जाऊन लेन्स काढत होते. ती इतकी आवळून बसली होती की रबरी नळीने ओढूनही निघेना. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा. मामी, माझ्या सासूबाई, दार ढकलून आत आल्या. लेन्स निघाली तेव्हा त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी वाकून माझा डोळा पाहिला. तो वळ, ती लाली.

"हे रडून नाही झालं," त्या म्हणाल्या.

"नाही, मामी."

"कधीपासून हाय?"

"संक्रांतीपासून."

"त्यायले सांगतलं नाही?"

मामाजींना नव्हतं सांगितलं, मी नुसती मान हलवली. मग एकदम सगळं सांगून टाकलं. आसवंच येत नाहीत मला, त्या दिवशी गालावर होतं ते लेन्समधलं पाणी, आत्याबाई म्हणतात तसं काही नाही.

मामींनी लेन्स माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. मग चिडल्या. "त्यायनं आणलं म्हणून का डोया घालवून बसशीन? ते असते तर त्यायनं पहिले मलेच शिव्या देल्या असत्या, घरात राहून तुले दिसलं नाही म्हणून." आणि बाहेर जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं, आजच्या आज हिला नागपूरला ने.

तेरवी व्हायची होती. सुतकात सून नवऱ्याबरोबर बसने नागपूरला निघाली, हे सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. आत्याबाई ओसरीत बसल्या होत्या. मामी त्यांच्याशी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पण आम्ही समोरून गेलो तेव्हा आत्याबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग टाकला आणि निळ्या उजेडात लेन्स कुठे रुतते ते बघितलं. नाकाकडची कड रक्तवाहिन्या दाबत होती आणि बाहेरची कड उचललेली होती. "लाल झाला त्याच दिवशी यायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्या त्या काकांनी तर मला निरोपही पाठवला होता, सुनेचे डोळे लाल वाटतात म्हणून. मी म्हटलं घेऊन या. तोड संपली की आणतो, म्हणाले होते."

मी मान खाली घालून बसून राहिले. म्हणजे रोज संध्याकाळी मी हो म्हणत होते, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना दिसत होतं. यजमानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांना वाटलं डोळा दुखतो आहे, त्यांनी थेंब टाकले.

डोळा बरा व्हायला पुष्कळ दिवस लागले. तेवढे दिवस लेन्स बंद होती आणि मी पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत होते. तेरवीचा स्वयंपाक नणंदांनी केला. नंतर लेन्सची कड घासली, पुन्हा घासली, तेव्हा कुठे ती नीट बसली. लाली पूर्ण कधीच गेली नाही, पण वळ उठणं थांबलं. आता डोळा जरा लाल दिसला की मी घरात सगळ्यांना सांगते, अगदी कंटाळा येईपर्यंत.

आत्याबाई नंतर माझ्याशी नीट वागल्या, पण पुन्हा कधी जवळ घेतलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "तिच्या डोयाले बिमारी हाय, तिले आसू येत नाही." खरं तेच होतं आणि मलाही तेच सांगायचं होतं. तरी त्या असं म्हणाल्या की मी उठून आत जायचे.