आहेराची हजेरी

मी आयुष्यात एकदाच लाउडस्पीकरवरून बोलले, आणि तेही अशा लग्नात, ज्याला जवळजवळ कोणी आलेलं नव्हतं. कोरोनाचे दिवस होते; तुम्ही दोघं नातवंडं तेव्हा तिकडे तुमच्या घरात बसून पडद्यावर शाळा शिकत होतात, आणि तुमची आई मला रोज फोन करून दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावत होती. त्यामुळे तिला मी हे तेव्हा सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

आपल्या सोसायटीची मागची भिंत संपते तिथे जुनं गावठाण सुरू होतं. तुमच्यातल्या थोरल्याने लहानपणी तिथल्या म्हशीला क्रीमचं बिस्किट खाऊ घातलं होतं, ते ठिकाण. तिथली मूळची घरं शेतकऱ्यांची. जमिनी कंपन्यांकडे आणि बिल्डरांकडे गेल्या, तेव्हापासून कोणी भाड्याच्या चाळी बांधल्या, कोणी पाण्याचे टँकर घेतले, कोणी मंगल कार्यालय काढलं. आपल्या प्रभागाच्या नगरसेविका याच गावठाणातल्या एका घरच्या सून. मी त्यांना तोवर फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिलेलं होतं, आणि फ्लेक्सवरच्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नव्हतं.

एके सकाळी त्या मास्क लावून दारात उभ्या राहिल्या. आत यायला तयार होईनात. म्हणाल्या, "काकू, तुमचं इंग्रजी लागणार हाय."

काम असं होतं. महापालिकेच्या शाळेत शिकणारी बहुतेक मुलं चाळीतल्या भाडेकरूंची. आईबाप बीड, लातूर, नांदेडकडून आलेले, चाकणच्या कंपन्यांमध्ये नाहीतर बांधकामावर कामाला. शाळा ऑनलाइन झाली आणि ही मुलं दिसेनाशी झाली, कारण घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर शिफ्टला जायचा. नगरसेविकांना निदान नववी-दहावीच्या मुलांसाठी वर्गणी काढून फोन घ्यायचे होते.

फोन नकोत, टॅब घ्या, असं मी सुचवलं. फोन घेतला की तो घरातल्या मोठ्या माणसाच्या खिशात जाणार, हे मला आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या घरावरून ठाऊक होतं. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती, मुलगा सातवीत. वडील रात्री घरी आले की फोन आधी मुलाच्या हाती पडायचा आणि त्याचं होईपर्यंत मुलीचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर खूप वर निघून गेलेला असायचा. मुलगी गप्प राहायची. शेवटी वडिलांनी ठरवलं की अशी नुसती बसलीच आहे तर तिला बीडला आजीकडे पाठवू, शेतात हाताशी होईल. आईचं म्हणणं होतं की एकदा गेलेली मुलगी शाळेसाठी परत येत नाही. तिने नवऱ्याकडून मुदत मागून घेतली, आणि ती मुदत होती नगरसेविकांच्या मुलीच्या लग्नापर्यंतची, कारण तोवर टॅबची सोय होईल असा शब्द नगरसेविकांनी तिला दिला होता.

मी कंपन्यांना पत्रं लिहिली. तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केलेली, तेव्हा पत्रं उत्तम झाली होती, हे मी विनय बाजूला ठेवून सांगते. उत्तरंही उत्तम आली. सगळ्यांचे निधी दवाखान्यांकडे वळलेले होते, आणि ते योग्यच होतं. मग मी व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक आवाहन तयार केलं. सोसायट्यांमधल्या हिंजवडीला काम करणाऱ्या मुलामुलींनी दोन दिवसांत ऑनलाइन पैसे पाठवले, नावसुद्धा न कळवता. त्यातून दहावीची सोय झाली. नववीची राहिली. ती गावठाणाने करायची, असा हिशेब होता, आणि गावठाणातून एक शब्द येईना. ज्या घरांपुढे दोन-दोन गाड्या उभ्या असतात ती घरंसुद्धा गप्प.

नगरसेविका खट्टू झाल्या. मला तर वाटलं, झालं, आता हे इथेच थांबणार. पण त्यांच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना दारातून सुनावलं, "आमाला कुठं अक्षत आली? फोन वाजला म्हंजी बोलवणं व्हतं का?"

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. या घरांमध्ये लग्नाची पत्रिका छापतात, पण पत्रिकेने आमंत्रण होत नाही. घरचं माणूस कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन उंबऱ्याशी आलं, तर ते आमंत्रण. नाहीतर शेजारच्या घरचं लग्न असलं तरी जात नाहीत, आणि न बोलावल्याचं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. माझा सुबक मेसेज त्यांना लागला होता तो असा.

नगरसेविका दोन दिवस विचार करत होत्या. घरी मुलीचं लग्न आलेलं. एरवी त्या घरच्या लग्नाला सगळी पंचक्रोशी जेवली असती. आता पन्नास माणसांची परवानगी, त्यात माणहून येणारी नवऱ्या मुलाकडची मंडळीच निम्मी. भाऊकी आधीच रुसलेली. त्यांनी दोन्ही गाठी एकदम सोडवल्या. हातात ताट घेतलं, तोंडाला मास्क बांधला आणि गावठाणातल्या प्रत्येक दारी अक्षता घेऊन गेल्या. बहुधा असं आमंत्रण त्या गावात कधी कोणी दिलं नसेल. त्या म्हणायच्या, लग्नाला यायचं न्हाई, गच्चीवर उभं ऱ्हायचं. आहेर मात्र द्यायचा, आमच्या पोरीला न्हाई, नववीच्या पोरांना. एका घराचा एक टॅब. आणि आहेर माइकवरून पुकारला जाईल, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. नवरी मुलगी स्वतः इंजिनियर. तिने आईला एवढंच सांगितलं की नको असलेले स्टीलचे डबे चुकले, फार बरं झालं.

घरोघरी होकार आला. सगळ्यांत मोठा होकार होता मानाच्या घराचा. त्या घरचे वडीलधारे आबा, नगरसेविकांचे चुलत सासरे, त्यांनी आपल्या सगळ्या भाऊकीचे टॅब कबूल केले. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ग एकट्या त्यांच्या शब्दावर होता. पैसे लग्नाच्या दिवशी संध्याकाळी द्यायचे ठरले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आहेर पुकारणारे गृहस्थ आजारी पडून घरात अडकले. गावातल्या सगळ्या लग्नांत माइक त्यांच्याच हातात असायचा. नगरसेविकांनी मला विचारलं. माझे उच्चार स्वच्छ आहेत आणि यादी माझ्याकडेच टाइप करायला आलेली होती. मी हो म्हटलं.

दुपारी मुहूर्त लागला. कार्यालयाच्या हिरवळीवर मोजकी माणसं, एकमेकांपासून लांब लांब. पण मान वर केली की गावठाणातल्या प्रत्येक गच्चीवर माणसं उभी. पुरुषांचे फेटे, बायकांच्या नथा आणि नथीवर मास्क, त्यामुळे नथीचा नुसता फुगवटा दिसत होता. अक्षतासुद्धा त्यांनी गच्च्यांवरूनच टाकल्या, आपापल्या अंगणात पडतील अशा. मी माइकसमोर उभी राहिले, चष्मा पुसला आणि यादी वाचायला लागले.

मला जे ठाऊक नव्हतं ते असं, की आहेर पुकारायचा एक क्रम असतो. आधी मानाचं घर, मग त्यांची भाऊकी, मग बाकीचे. कुठे लिहून ठेवलेलं नसतं, माइकवाल्याच्या तोंडात असतं. मी आयुष्यभर जशी यादी लावली तशीच लावली होती, अक्षरांच्या क्रमाने. सगळ्यांत आधी नाव आलं ते गल्लीच्या टोकाला राहून दूध घालणाऱ्या एका विधवा बाईंच्या घराचं. त्यांनी गच्चीवरून हात जोडले. इकडे तिकडे कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आवाज नीट पोचत नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने वाचू लागले.

पाच-सहा नावं झाली असतील. फाटकातून आबा आत आले. धोतर, फेटा, मास्क हनुवटीखाली, हातात काठी. मांडवातून नगरसेविका शालू सावरत धावल्या. माझ्या तोंडातलं नाव अर्ध्यात राहिलं.

"यादी कुणी लावली ही?"

मी लावली, असं मी सांगितलं.

"आमचं घर कुठंशी हाय त्यात?"

"शेवटून दुसरं."

आपल्या स्वयंपाकाच्या बाई भिंतीपाशी भांड्यांजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं मला दिसलं. आता काय होऊ शकतं ते आम्हा दोघींना कळत होतं. आबांनी शब्द मागे घेतला असता तर नववी तिथेच संपली असती, आणि त्यांची मुलगी पुढच्या गाडीने बीडला गेली असती.

मी म्हटलं, "अक्षरांच्या क्रमाने आहे, आबा. शाळेत हजेरी घेतात तशी."

आबांनी काठी जमिनीवर टेकवली आणि यादीकडे बघितलं, जणू त्यांना ती तिथून वाचता येत होती. मग म्हणाले, "मास्तर बी आमचं नाव शेवटालाच घ्यायचा. तवर मी खिडकीतनं निम्मं गाव बघून घ्यायचो."

नगरसेविका हळूच म्हणाल्या, "आबा, शाळेच्याच लेकरांचं काम हाय."

"ठावं हाय, सूनबाई. म्हंजी आज समदे एका वर्गात, असं म्हण की." त्यांनी खुर्ची मागवली आणि फाटकाशीच बसले. "वाचा बाई. पर गाळू नगा कुणाला. मास्तर गाळायचा."

मी वाचलं. यादी खाली सरकत गेली आणि शेवटून दुसरं नाव आलं. आबा काठीवर जोर देऊन उठले आणि म्हणाले, "हजर."

जवळच्या गच्चीवर कोणीतरी हसलं, मग सगळीकडे हसू पसरलं. आणि मग ज्यांची नावं आधी होऊन गेली होती ते ओरडायला लागले की आमचं पुन्हा घ्या, आम्हाला हजर म्हणायचं राहिलं. मला अख्खी यादी परत पहिल्यापासून वाचावी लागली. एका बाप्याने हजर म्हटलं तर पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, "भावा, शाळेत कवा व्हतास रं तू हजर?" दूधवाल्या बाईंनी मात्र सगळ्यांत खणखणीत आवाजात हजेरी दिली. हे चालू असतानाच ज्यांनी आधी आहेर दिला नव्हता अशा काही घरांतून नावं खाली आली, कोणी चिठ्ठीवर, कोणी नुसतं भिंतीवरून हाक मारून. ती मी यादीच्या शेवटी घेतली. क्रम बिघडला, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

नववीचा वर्ग पूर्ण झाला. टॅब आल्यावर नगरसेविकांनी मुलांना एकेक करून शाळेत बोलावलं आणि मुलांसोबत कोणालाही फोटो काढू दिला नाही, स्वतःचाही नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत मी त्यांच्यासाठी पत्रकं लिहून देईन असं आपणहून कबूल केलं. फ्लेक्सबद्दलचं माझं मत तेवढं तसंच आहे.

टॅब मिळाल्याच्या पुढच्या आठवड्यात आपल्या बाई कामाला आल्या त्या उशिरा. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बाप फोन घेऊन शिफ्टला गेला, तरी लेकरू सकाळपासून टॅबातनं मान वर करंना. मीच बसले बघत." बीडच्या गाडीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मुलीने दहावी दिली, मग डिप्लोमाला गेली. ती सध्या चाकणला एका कंपनीत शिकाऊ म्हणून जाते, वडिलांच्याच बसने, आणि दोघांच्या खिशात आपापला फोन असतो.