सखारामने लिहून दिलेला पत्ता

कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याच्या आत येऊन पडलं तेव्हा मी दाढी करत होतो. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा आमच्याकडे फाडतात, म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच माणसाला कळतं की आता खाली बसलेलं बरं. नव्या पोस्टमनने ते इतर दोन पत्रांबरोबर भिरकावलं आणि तो पुढच्या दाराकडे गेला. मी एका गालाचा साबण तसाच ठेवून कार्ड उचललं. दापोऱ्याहून सखारामच्या थोरल्या मुलाने लिहिलं होतं... वडील मंगळवारी सकाळी गेले, त्रास झाला नाही, दहाव्याला यावे. दहावं होऊन दोन दिवस झाले होते. ज्या माणसाने आमच्या इतवारा पेठेतल्या कोणाचं पत्र कधी एक दिवसही शिळं होऊ दिलं नाही, त्याच्याच मरणाची बातमी कुठल्या तरी थैलीच्या तळाशी पडून राहिली. हे सखारामला कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता. मी हसलो नाही. उरलेली अर्धी दाढी केली आणि ओट्यावर जाऊन बसलो.

सखाराम आणि मी बुऱ्हाणपुरातल्या मराठी शाळेत एका बाकावर शिकलो. तो दापोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षणासाठी बुऱ्हाणपुरात मावशीकडे राहिलेला. फायनल पास झाल्यावर तो टपालखात्यात चिकटला आणि मी एका जुन्या सराईचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत कारकून झालो. मी पंख्याखाली बसणारा, तो उन्हातान्हात वणवण फिरणारा, त्यामुळे जग मला त्याच्यापेक्षा जास्त समजतं अशी माझी पक्की समजूत होती. तो उंच, किडकिडीत, तपकिरीचा शौकीन. शिंक आली की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, टपाल आलं वाटतं. कोणाच्या दारात तो पत्र टाकून जायचा नाही. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने पुकारायचा आणि हातात द्यायचा. कोपरा फाडलेलं कार्ड असलं तर आधी त्या घरी प्यायला पाणी मागायचा. पाणी आणणारा माणूस पाणी देता देता त्याच्या तोंडाकडे पाहायचा, आणि मग दोघं बसायची. लोकांना पुढे पुढे ते माहीतच झालं. सखाराम पाणी मागतोय म्हटल्यावर आतून रडण्याचा आवाज यायचा.

मोमिनांच्या, म्हणजे मुसलमान विणकरांच्या गल्लीतही तो तसंच पाणी मागायचा आणि प्यायचाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रं चाळायला जमणारी मंडळी त्याला ‘बाटलेला टपालवाला’ म्हणायची. एकाने तोंडावर विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “तहान लागली होती ना भाऊ.” त्याला वाद घालता येत नसे. भाषण तर त्याने आयुष्यात केलं नाही. त्याच्याकडे एकच प्रश्न होता. कोणी म्हणालं की हे मोमिन असे, ते मारवाडी तसे, की तो चिमूटभर तपकीर ओढून विचारायचा, “कोन? नाव सांग.” समोरचा चिडायचा, म्हणायचा की नाव कशाला, सगळेच तसे. मग सखाराम म्हणायचा, “‘हे लोक’ असा पत्ता माह्या थैलीत कधी आला नाही. आला तर मी कोनाच्या दारात न्यायचा?”

याचा अर्थ तो साधुपुरुष होता असा नव्हे. त्याची सासुरवाडी बहादरपूरची. बहादरपूरची माणसं सगळी भांडखोर, हे त्याचं लाडकं मत होतं. एकदा मी संधी साधून म्हटलं, “कोण? नाव सांग.” त्याने इकडेतिकडे पाहिलं, बायको आत चुलीपाशी आहे याची खात्री करून घेतली आणि हळूच तिचंच नाव सांगितलं. आतून लगेच आवाज आला, “मले ऐकू येते बरं!” पुढे बराच काळ त्याने बहादरपूरचा विषय काढला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. तिच्यात माझी बाजू चांगली नाही. आमच्या सराईला एक लांबलचक पडवी होती. यात्रेकरूंचा राबता कधीच संपलेला, पडवीत कबुतरं आणि दोन मोडक्या बैलगाड्या. एका पावसाळ्याच्या तोंडाशी विणकरांच्या गल्लीतून अर्ज आला की पावसाचे चार महिने ती पडवी आम्हाला कामासाठी वापरू द्यावी. अर्जावर सगळ्यांच्या वतीने एकच उर्दू सही होती, इब्राहीम नावाच्या विणकराची. आमचे अध्यक्ष गावातले वजनदार गृहस्थ. अर्ज वाचून ते माझ्याकडे सरकवत म्हणाले, “या लोकांची गरिबी यांनी हाताने ओढवून घेतलेली आहे. शुक्रवारी माग बंद, सणाला उधळपट्टी, घरात खाणारी दहा तोंडं. जागा देऊन काय होणार? तरी पण तुम्ही जाऊन पाहून या. आपण न्यायाने वागलं पाहिजे.” त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण न्यायाने वागतो आहोत. मलाही वाटत होतं.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तो दिवस शुक्रवार होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चार दिवसांची झड लागलेली. माझ्या पायात नवे जोडे होते आणि गल्लीत चिखल होता, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशीच छत्री धरून उभा राहिलो. मागांचा एक आवाज येत नव्हता. पाच-सहा धट्टेकट्टे पुरुष ओट्यावर बसून चौसर खेळत होते, त्यातला एक तर मोठमोठ्याने हसत होता. तेवढ्यात सखाराम मेणकापडात गुंडाळलेली थैली सांभाळत आला. म्हणाला, “इथी काहून उभा? आत चाल. इब्राहीमच्या घरी बस, तुले सगळं दाखवतो.” मी म्हटलं, दिसतंय तेवढं पुरे आहे. तो माझ्या जोड्यांकडे पाहून पुढे गेला. मी कचेरीत परत आलो आणि माझ्या सुबक अक्षरात लिहिलं की दोन्ही भेटींत पुरुष मंडळी भर कामाच्या वेळी रिकामी बसलेली आढळली, सबब उणीव जागेची नसून उद्योगाची आहे. खाली सही केली. ते वाक्य अध्यक्षांना फार आवडलं, त्यांनी ते बैठकीत दोनदा वाचलं. अर्ज नामंजूर झाला.

त्यानंतर महिनाभराने सखाराम वाचनालयाच्या पायरीवर भेटला आणि काहीच न झाल्यासारखा म्हणाला, “तुहं नाव मी इब्राहीमले सांगितलं.” मला कळेना. मग त्याने सांगितलं. अर्ज फेटाळल्यावर इब्राहीम संतापून म्हणाला होता, “ये हिंदू लोग सब ऐसेइच हैं. हमको मरता देखना चाहते.” सखारामने त्यालाही विचारलं, कौन? नाम बोल. इब्राहीमला नाव ठाऊक नव्हतं. तेव्हा सखाराम म्हणाला, “हिंदू लोगों ने नहीं लिखा. एक आदमी ने लिखा. वामन नाम है उसका, सराई में कारकून है, मेरा दोस्त है. गुस्सा करना है तो उस पे करो.”

मी आयुष्यात सखारामवर एवढा कधी चिडलो नव्हतो. म्हटलं, तू मित्र आहेस की कोण? उद्या तो माझ्या दारात येऊन उभा राहिला म्हणजे? कमिटीने ठरवलं, अध्यक्षांनी ठरवलं, मी आपला साधा कारकून. सखाराम शांतपणे म्हणाला, “कागदावर सही कोनाची आहे?” मी पुन्हा काही म्हणायच्या आत त्याला शिंक आली. आम्ही त्या दिवशी वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलो.

इब्राहीम माझ्या दारात कधीच आला नाही. थंडी पडल्यावर मीच एका सकाळी सखारामच्या मागे मागे त्या गल्लीत गेलो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, बांबूंच्या कैच्यांवर ताणून धरलेला होता. दोन्ही बाजूंनी बाया-पुरुष भले मोठे कुंचे घेऊन त्याला पिठाची खळ पाजत होते, पुढे जात होते, मागे येत होते. कोणी मान वर करून पाहिलं नाही. एकदा ताण्याला खळ लागली की तो वाळेपर्यंत हात थांबवता येत नाही, थांबला तर सूत सुताला चिकटतं आणि सगळा ताणा वाया जातो. हे काम उघड्यावर होतं, कारण तेवढी लांब जागा कोणाच्याच घरात नाही. पावसात खळ वाळत नाही. घरातले तयार ताणे तीन-चार दिवसांत विणून संपतात आणि मग माग बंद. उघडीप मिळेपर्यंत माणसाने करायचं काय? चौसर खेळायची. तेवढ्यासाठी तर त्यांनी छपराची लांब जागा मागितली होती. म्हणजे ज्या रिकामपणावर ते इलाज मागत होते, तोच मी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहून दिला होता. मला लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं म्हणतात तसं नव्हे, कानशिलं तापवणारी लाज वाटली. मी विचारलं, यातला इब्राहीम कोणता? सखाराम म्हणाला, “तो गेला मालेगावले. माग विकला त्यानं. सगळ्यांच्या वतीनं अर्ज त्यानं केला होता ना... गल्लीतले लोक हसत, म्हणत, आली का तुझी पडवी?”

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. धीर एकवटायला मला होळीपर्यंत वेळ लागला, हेही लिहून टाकतो. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही तर आपलं म्हणणं फिरवलंत. पण पडवी रिकामी होती आणि कबुतरांनी घाण केली होती, तेव्हा पाहू एक पावसाळा म्हणून त्यांनी होकार दिला. त्या एका पावसाळ्याचे पुढे अनेक झाले. आजही झड लागली की सराईच्या पडवीत ताणे लागतात. इब्राहीम मात्र परत आला नाही.

त्याच साली पावसाळ्यात सखारामने मला एक कोरं कार्ड आणून दिलं. कोरं एका बाजूने. दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात, देवनागरीत आणि खाली उर्दूत, पत्ता लिहिला होता. इब्राहीम, त्याच्या बापाचं नाव, मोहल्ला, मशिदीमागचं तिसरं घर, मालेगाव. म्हणाला, “दोन ओळी लिही. पडवी भेटली म्हनून लिही. आनि तुनं न पाहता लिहिलं होतं, तेही लिही. मी टाकतो.” मी हो म्हटलं. टेबलाच्या खणात ठेवलं. सुरुवातीला तो विचारायचा, मग नुसता खणाकडे पाहायचा, मग तेही त्याने सोडलं. मला काय लिहावं ते सुचत नव्हतं असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे खाली नाव घालायचं होतं, ते जड जात होतं.

शेवटची भेट दापोऱ्याला झाली, यंदाच्या कापूसवेचणीत. नोकरी संपल्यावर तो गावी जाऊन राहिला होता. बाजेवर पडून होता, तपकीर वैद्याने बंद केलेली, म्हणून कुरकुरत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना मी जोडे घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, “वामन, कार्डाले वाळवी तर नाही ना लागली?” मी म्हटलं, नाही. “मग ठीक,” म्हणाला आणि कुशीवर वळला.

त्याचं मरणाचं कार्ड वाचल्यावर ओट्यावरून उठलो तो थेट त्या खणापाशी गेलो. कागदांच्या तळाशी ते होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, छापील तिकिटावरचा चेहरा आधीच्या बादशहाचा. शाई मात्र फिकी झालेली नव्हती. आता टपालाचे दर वाढलेत, म्हणून वरून एक तिकीट चिकटवलं. मग लिहिलं... इब्राहीमभाई, पडवी मिळाली. तुमच्या गल्लीत मी आत न येता रिपोर्ट लिहिला. सखाराम वारला. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सखारामची बातमी होती, म्हणून कार्डाचा एक कोपरा फाडला, पत्त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने.

इब्राहीम जिवंत आहे की नाही, त्या घरात आहे की नाही, मला ठाऊक नाही. कार्ड टाकून तीन आठवडे होऊन गेले आणि ते परत आलेलं नाही. हल्ली रोज टपालाच्या वेळेला मी पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवतो.