शेवंताबाईचा फोन अन् पहिली पात

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, लेकीले नाही. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही अन् शेवंताबाईले ओळखत नाही. ओळखत असते त मी तोंडच उघडलं नसतं. तसं पाहाल त दिवसभर माही टकळी चालूच असते, वावरात बाया कंटाळून म्हणतात का कमल, जरा दम खाय. मंग हीच एक गोष्ट घशात काहून अडकली असन? सांगतो. घाई करू नका, मले वळसा घेऊनच यावं लागन.

आमचं गाव मुकुटबनच्या पुढं, पैनगंगेच्या काठाले. नदीच्या त्या थडीले तेलंगणा. आम्ही कापूस वेचणाऱ्या बाया, अन् शेवंताबाई आमची मुकादमीण. म्हणजे कसं, सांजी कास्तकार तिले फोन करणार का उद्या इतक्या बाया पाह्यजे. ती घरोघरी सांगत फिरणार. अन् सकाळी वावरात गेलं का धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, पहिली पात तिची. पात म्हणजे जिची तिची वेचायची ओळ. आता त्या पहिल्या पातीत काय सोनं पिकते? काही नाही. कापूस तोच, काटा तोच. पण मान असते ना बाप्पा! मुकादमीण पुढं चालते, बाकीच्या तिच्या चालीनं चालतात. मी कायम दुसऱ्या पातीवर. तिची पाठ पाहून पाहून तिच्या पोलक्याची शिवण मले पाठ झाली होती.

माहाही एक मान होता बरं — फोनचा. नववीपर्यंत शिकली, थोडं इंग्रजी वाचता येते, त साऱ्या गावचे फोन माह्याकडं. कोणाचा आवाज गेला, कोणाचे फोटो हरपले, चाललं कमलकडं. मी काय करत होती? बंद करून चालू. सिम काढून पदराले पुसायचं, पुन्हा टाकायचं. अर्ध्याच्या वर फोन त्यातच सुधरतात. पण मी तोंड असं करायची जसं काही फोनचं पोट फाडून शिवलं.

ते बोंडअळीचं साल होतं. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी, अन् कापूस कवडी झालेला, पिवळा, चिकट. हाताले खाज सुटायची. उरलंसुरलं तरी घरात यावं म्हणून साऱ्या कास्तकारांची एकच घाई — बाया पाठवा, बाया पाठवा. शेवंताबाईचा फोन सांजी थंड होत नव्हता.

अन् त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या वावरात होतो. तिथं एक भानगड हाय. फोन त्या थडीचा टावर पकडते अन् मेसेज येते का तेलंगणात तुमचं स्वागत. आपण इथं आपल्याच मातीत वाकलेलो, अन् ते स्वागत करून राह्यले! आमच्या लोकाइले भेव का आता पैसे कटतीन. म्हणून नदीकाठी आम्ही सारेच टावर हातानं निवडून ठेवतो. यादी उघडायची, आपल्या कंपनीच्या नावावर बोट ठेवायचं, झालं. शेवंताबाईले ते जमत नव्हतं. तिनं फोन मले देल्ला. माह्या हाताले खाज, बोट चिकट — मी भलत्याच कंपनीच्या नावावर दाबलं.

सांजी घरी आलो त तिच्या फोनवर फक्त ‘इमर्जन्सी’ लिहून. ना कोणाचा फोन येते, ना जाते. फोन माह्या हातात आला, मी ती यादी उघडली, अन् एका नजरेत समजलं. भलत्या नावापुढं माहीच खूण. एक बोट लावलं का काम झालं असतं.

मंग लावलं काहून नाही? ओट्यावर साऱ्या बाया जमलेल्या. मी आल्या आल्याच बोलून गेली होती का फोनच जुना झाला, आतून खराब असन. आता कोणत्या तोंडानं सांगू का माह्याच बोटाची करामत हाय? हसल्या असत्या ना साऱ्या! तेवढ्यासाठी. हो, तेवढ्याचसाठी. मी यादी बंद केली अन् म्हटलं, पाहू उद्या.

इथवरचं तरी मी तुम्हाले हसत सांगू शकतो. लाज कोणाले नसते? पण त्याच सांजी एका कास्तकाराले शेवंताबाई लागेना, त त्यानं माह्या फोनवर लावलं. कमलबाई, उद्या बाया घेऊन या. मंग दुसऱ्यानं लावलं. कमलबाई! मले आजवर कमल म्हणत होते, नाही त कमे. सकाळी शेवंताबाई आपणच म्हणे का निरोप तुले आला, त पहिली पात तू धर. मी धरली. धुरा उजव्या हाताले, समोर कोणाचीच पाठ नाही. कसं वाटलं सांगू? लय गोड वाटलं.

मंग रोज सांजी माहं नाटक. बंद करून चालू. सिम पुसणं. एक दिवस बॅटरी उन्हात ठेवली, एक दिवस तांदळाच्या डब्यात. शेवंताबाईले मारुतीच्या ओट्यावर उभं करून हात वर धराले लावला. बिचारी तशीच उभी, हात दुखेपर्यंत. कोणी म्हणे नजर लागली, तिनं फोनवरून मीठ-मिरचीही ओवाळली. मी पोट धरून हसली घरी. अन् बोट मात्र त्या एका जागी नेलं नाही.

आता तुम्ही विचारान, तिले फोन कायले पाह्यजे होता? तेच तर. तिची लेक रंजू फुलसावंगीले देलेली, पोटुशी होती. पहिलटकरीण. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरात होते, तो आईचा हक्कच. विहीणबाई फोन करून दिवस सांगणार होत्या, का अमुक दिवशी न्यायले या. शेवंताबाईनं खोली सारवून ठेवली होती. डिंकाचे लाडू बांधले, जुन्या लुगड्याची मऊ वाकळ शिवली, आढ्याले झोळी टांगली. साऱ्यांना नेऊन नेऊन दाखवत होती ती झोळी.

एकदा माह्या फोनवरून तिनं जावयाले लावलंही. रंजू बोलली का अजून वेळ हाय, सासू दिवस काढून कळवीन. आम्ही निवांत झालो. जावयानं माहा नंबर कोणाचा म्हणून ठेवलाच नाही. मी तरी म्हटलं का, का आता याच नंबरवर लावा? नाही म्हटलं. मले सुचलं नाही, का सुचू देल्लं नाही — आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

अन् शेवंताबाईची हिंमत पाहा. इमर्जन्सी चालू हाय म्हणते ना, मंग त्यालेच लावू! दाबलं तिनं. लागला की फोन! तिकडून एक बाई मोठ्या नम्रपणे विचारे का काय अडचण हाय, कोणाले लागलं काय. ही म्हणे, नाही बाई, इकडं सारे खुशाल, तुमच्याकडं कसं काय? तेवढं फुलसावंगीले माह्या रंजूले सांगा, आई वाट पाहून राह्यली. त्या बाईनं कसं समजावून फोन ठेवला तिचं तिले ठाऊक. ओट्यावर आम्ही हसून हसून लोळलो. साऱ्यांत मोठ्यानं मी हसली.

थोड्या दिवसांनी दुपारच्याले जावई मोटरसायकलवर थेट वावरात आला. हातात पेढ्याचा डबा. पोरगी झाली, म्हणे, दिवस भरायच्या आधीच झाली, दोघी चांगल्या हाय. मंग खाली मान घालून बोलला का आम्ही रोज फोन लावला, न्यायले या म्हणून सांगायले. लागलाच नाही. माह्या आईले वाटलं, माहेरच्याइले न्यायचंच नाही.

शेवंताबाईची ओटी कापसानं भरलेली. तशीच उभी राह्यली. मंग तिनं पहिले साऱ्यांना पेढे वाटले, मले दोन देल्ले. अन् धुऱ्यावर बसून रडली. मी बाजूले बसली. म्हटलं, फोनचा सत्यानास होवो. तिनं डोळे पुसले अन् म्हणे, “मशिनीवर काय राग धरतं, कमल. माणसानं केलं असतं त गोष्ट वेगळी.”

तेव्हा सांगायचं होतं. समोर ती होती, बाजूले जावई होता, तोंडात तिचा पेढा होता. मी सांगतलं नाही. मी फोन घेतला, कापसाच्या गाठोड्यामागं गेली, यादी उघडली अन् एक बोट लावलं. टावर आला. अन् मंग मेसेज यायले लागले, फुलसावंगीवरून कोणी कोणी फोन केले त्याचे. टिंग, टिंग, टिंग. थांबतच नव्हते. मी फोन पोटाशी घट्ट धरला, आवाज दबावा म्हणून.

गावभर तिनंच सांगतलं का कमलनं फोन सुधरवला, मोठमोठ्या दुकानदाराइले जमलं नसतं. लाडू अन् वाकळ घेऊन फुलसावंगीले गेली, परक्या घरी पाहुणी बनून नातीले न्हाऊ घालायले. जाताना म्हणे, पात तू सांभाळ. परत आली तवा मी एकदा, फक्त एकदा, म्हटलं का घे तुही पात. ती म्हणे, राहू दे, आता कास्तकारांकडं तुहाच नंबर हाय.

ती नात आता शाळेत जाते. दिवाळीत आजीकडं येते, अन् आजी तिले माह्याकडं बोट दाखवून सांगते का ही पाह्य, आपला फोन सुधरवणारी कमलआजी. पोरगी माह्या पाया पडते. मी आशीर्वाद देतो, चहा पितो, वर दोन गोष्टी सांगून हसवतोही तिले. झोळीची दोरी अजून त्या आढ्यालेच हाय.

यंदाही वेचणी चालू हाय. धुऱ्याकडची पहिली पात मी धरतो. शेवंताबाई माह्या मागं, दुसऱ्या पातीवर असते.