पास्कोसाहेबांचे नवे कोट

इंग्लंडमधल्या एक्झेटर गावात मिस केझाया लव्हिबाँड तळहाताहून लहान हस्तिदंती चकत्यांवर माणसांची चित्रं काढायची. चेहरे तिला बरे जमायचे. पुरुषांचे कोट मात्र असे उतरायचे, की शिंपीसुद्धा नाक टेकवून बघायचे.

१८२१ साली तिनं लोखंडी सामानाचे व्यापारी जोएल पास्को यांचं चित्र काढलं. चारही बैठकांत ते झोपले. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन वारले. सात वर्षांनी त्यांची विधवा थर्झा ते चित्र घेऊन आली.

"लव्हिबाँडबाई, असली कॉलर आता कुणी घालत नाही. माझ्या गळ्यात चित्र असतं, लोक बघतात हो."

"पण पास्कोबाई, ते तर आता..."

"होते तेव्हा नव्या कोटाचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. आता काही बोलायचे नाहीत."

केझायानं ओल्या कुंचल्यानं कोट पुसला. पास्को गळ्याखाली कोरे झाले. थर्झाबाईंनी ताबडतोब खिडकीकडे तोंड फिरवलं. "त्यांच्या अंगावर काहीतरी चढवा, मग हाक मारा."

निळा कोट, पितळी बटणं, काळा गळपट्टा. चार वर्षांनी फॅशन बदलली, तशा थर्झाबाई पुन्हा आल्या; आता फुगीर खांदे आणि बारीक कंबर हवी होती. चित्र छातीशीच संपत होतं, हे केझायानं सांगून पाहिलं. "दिसत नसली तरी बारीक असू दे," थर्झाबाई म्हणाल्या.

मग एकदा त्या गालांवर कल्लेही रंगवा म्हणाल्या. केझायानं कुंचला खाली ठेवला.

"कपडे तुमच्या मर्जीचे. चेहरा त्यांचा आहे. त्याला मी हात लावणार नाही."

थर्झाबाई तणतणत गेल्या. केझायाला वाईट वाटलं. गिऱ्हाईक गेल्याचं थोडं, पास्को गेल्याचं जास्त. इतक्या वर्षांत तिनं त्यांना स्वतःच्या भावापेक्षा जास्त वेळा न्याहाळलं होतं.

वसंतात थर्झाबाई परत आल्या. सोबत ट्रेविन नावाचे शिंपी होते, त्यांचे नवे यजमान. त्यांनी भिंग लावून चित्र बराच वेळ पाहिलं.

"माणूस भला दिसतो," ते म्हणाले. "कल्ले कशाला हवेत? खांद्याची शिवण मात्र केसभर मागे घ्या. अशा कोटात बिचाऱ्याला हात वर करता येणार नाही."

केझायानं शिवण मागे घेतली. थर्झाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुमचंही काढू का, ट्रेविनसाहेब?"

"नको बाई," ट्रेविन टोपी उचलत म्हणाले. "ही मला घरी रोज कोट बदलायला लावते, तेवढं पुरे."