सुषमाचा डबा

लेकीच्या मुरुमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे बसले होते. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि आमची शेजारीण सुषमा बाहेर आली. गाल लालसर, वर मलमाची चकाकी. मला पाहताच तिनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. काउंटरवरची मुलगी मात्र ओळखीनं म्हणाली, "सुषमाताई, तुमचं लेझर नेहमीसारखं पुढच्या महिन्यात ना?"

सुषमाचा नितळ चेहरा पाहून सगळी सोसायटी विचारायची, काय लावतेस गं? ती हसून सांगायची, "लावत काही नाही, खाते." माझ्यावर विशेष माया, म्हणून घरची जवसाची चटणी डबा भरून द्यायची. मी ती रोज जेवताना खाल्ली, वर आवळा खाल्ला आणि आरशात तिचे गाल शोधत राहिले.

चटणीवर माझा राग नाही. अन्न बिचारं प्रामाणिक असतं. पोटात गेलेलं आधी रक्ताला, हाडांना पुरतं, मग सावकाश कातडीपर्यंत पोचतं. या थंडीत माझ्या टाचांना भेगा पडल्या नाहीत, ते त्याचंच देणं. नितळ गालांचं वचन चटणीनं दिलं नव्हतं, ते सुषमानं दिलं होतं.

आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. आज मी तिचा डबा घासला, पुसून कोरडा केला आणि तसाच नेऊन दिला. हातात घेताच तिला वजन कळलं. ओढणी सावरत ती नुसती "बरं" म्हणाली.