उतारा आधी भरणाऱ्या अक्का

जनावरांना झोपवणारे डॉक्टर बंगळुरात पुष्कळ असतील. पण त्यांना पुन्हा उठवण्याची एवढी चिंता वाहणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या सासुरवाडीत निघालं. माझ्या बायकोची थोरली आत्या. चामराजपेटातलं हे मराठी घर इतक्या पिढ्यांपासून तिथे आहे की त्यांचं भांडण मराठीत सुरू होतं आणि कन्नडात मिटतं. तिथे सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून पुण्याहून आलेला मीही म्हणू लागलो.

अक्कांची सगळी नोकरी सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेली. गुंगीचं इंजेक्शन भरण्याआधी त्या त्याचा उतारा भरत, सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव लिहीत, आणि मगच दुसऱ्या बाटलीला हात लावत. "उठवायची सोय नसेल तर झोपवायचा हक्क नाही," असं त्यांचं म्हणणं. जनावराला गुंगी चढत असताना कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालत नसे. एका नगरसेवकाला त्यांनी फोनसकट फाटकाबाहेर उभं केलं होतं, आणि टेबलावर कुत्रा त्याचाच होता. डोस ठरवायला वजनाचा अंदाज घेण्याची सवय तर इतकी मुरलेली, की आमच्या लग्नात मला प्रथम पाहताच त्या "बाहत्तर किलो" म्हणाल्या. मी एकाहत्तर होतो. पण जेवण व्हायचं होतं.

निवृत्तीच्या दिवशी चार वाजता त्यांचा सत्कार होता. त्यांना हॉलवर सोडायला मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून रजा काढून आलो, तर दुपारीच आनेकलजवळच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्याच्या बैलाच्या खुरात तार घुसली होती आणि तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता. "आधी तिकडे," अक्का म्हणाल्या. त्यांनी रेशमी साडीवरच एप्रन चढवला.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना त्याने?" गोठ्यात पोचताच त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने नाही म्हणून मान हलवली. अक्कांनी टेपने छातीचा घेर मोजला आणि इंजेक्शन दिलं. घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात बैल आडवा होतो, हे मला तेव्हा कळलं. तार निघाली. टाके घालता घालता बैलाची डावी कूस फुगू लागली आणि श्वास घरघरू लागला.

म्हातारा बैलाच्या तोंडाशी येऊन बसला. "थोडा कडबा घातला होता, अक्का. उपाशी बघवेना."

अक्कांनी शेवटचा टाका बांधला आणि उतारा शिरेत सोडला. मी आणि म्हाताऱ्याने बैलाची मान उचलून धरली. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग त्याचा कान हलला, एक लांब ढेकर आली आणि तो धडपडत उभा राहिला. म्हातारा त्याच्या मानेला मिठी मारून रडला. "पुढच्या वेळी मला खरं सांगा," एवढंच अक्का म्हणाल्या. उताऱ्याचा जोर ओसरला की गुंगी पुन्हा चढू शकते, म्हणून आणखी दोन तास त्या गोठ्यातच बसल्या. मी घड्याळ दाखवलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्या रचून झाल्या होत्या. शिपायाने हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो मांडीवर घेऊन अक्का गाडीत बसल्या.

"उद्या सकाळी आनेकलला सोडशील? टाके बघायला हवेत."

"अक्का, उद्यापासून तुम्ही नोकरीत नाही."

त्यांनी हारावरचं ओलं फडकं नीट गुंडाळलं.

"सरी," त्यांनी कन्नडात मान्य केलं. "मग स्वल्प उशिरा निघू."